मला किती दिसते?

अभ्यासपाठ
शास्त्रवाचन : मार्क ८:२२-२६, योहान ९:२४-४१, १ करिंथ ४:३-५

आपले सुरत शहर हिऱ्यांचे शहर आहे. जगात विकल्या जाणाऱ्या पैलूदार हिऱ्यांपैकी फार मोठा भाग येथे घासला जातो, आणि आपल्या मंडळीतीलही काही घरांची चूल याच धंद्यावर पेटते. घासून झालेला हिरा बाजारात जाण्यापूर्वी त्याची प्रत ठरवावी लागते. रंगाची प्रत इंग्रजी अक्षरांनी सांगतात. ‘डी’ म्हणजे पूर्ण रंगहीन. तेथून ‘झेड’पर्यंत पिवळेपणा वाढत जातो. शेजारच्या दोन प्रतींतील फरक इतका सूक्ष्म असतो की तुम्हाआम्हाला तो दिसणारही नाही. परंतु भावात मात्र तो चांगलाच जाणवतो. म्हणून पारखी नुसत्या नजरेवर विसंबत नाही. ठरलेल्या प्रतीचे नमुन्याचे हिरे ओळीने मांडून, पांढऱ्या कागदावर, ठरलेल्या प्रकाशात तो नवा हिरा त्यांच्याशी ताडून पाहतो. मोठ्या प्रयोगशाळांत तर एकच हिरा एकाहून अधिक तपासनीस स्वतंत्रपणे पाहतात.

अनेक वर्षे हे काम करणाऱ्या आपल्या एका बंधूंना मी विचारले, “नवा पारखी आणि जुना पारखी यांत फरक कोणता?” ते म्हणाले, “नवा मुलगा पटकन सांगतो आणि ठासून सांगतो. जुना माणूस कधी कधी म्हणतो, आता डोळा थकला, सकाळी पाहू. हिरा ओळखणे हे अर्धे काम. आपला डोळा ओळखणे हे उरलेले अर्धे.”

हे उरलेले अर्धे काम आपल्या ख्रिस्ती जीवनातही आहे, आणि त्याकडे आपले फार दुर्लक्ष होते. आपण काय पाहिले, काय ऐकले, काय केले याबद्दल आपण रोज बोलतो. त्या प्रत्येक बोलण्याबरोबर आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे आपली खात्री. “मला वाटते,” “बहुतेक,” “नक्की,” “शपथेवर सांगतो,” अशी तिची मापे आहेत. ही मापे खरी असतात काय? आणि खोटी निघाली तर त्याचा जाब देवापुढे द्यावा लागेल काय? या महिन्याच्या पाठात याचा विचार करू.

बेथसैदाचा मनुष्य

मार्काच्या आठव्या अध्यायात लोक एका आंधळ्याला प्रभू येशूकडे आणतात. प्रभू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना स्पर्श करतो आणि मग त्याला विचारतो की, काही दिसते आहे काय? शुभवर्तमानांत बरे करण्याचे पुष्कळ प्रसंग आहेत, पण दोन टप्प्यांनी झालेला असा हा एकच.

त्या मनुष्याचे उत्तर नीट तपासून पाहा. माणसे दिसतात, असे तो सांगतो. ती झाडांसारखी दिसतात, असेही सांगतो. आणि ती चालत आहेत, हेही सांगतो. म्हणजे त्याने तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या : काय दिसले, किती अंधुक दिसले, आणि ती झाडे नसून माणसे असावीत असे कशावरून वाटले. न्यायालयातील शिकलेला साक्षीदारही इतकी चोख साक्ष देत नाही.

आता त्याच्यापुढचा मोह पाहा. ज्यांनी त्याला आणले ते लोक वाट पाहत असतील. ज्याने हात धरून गावाबाहेर आणले तो गुरू समोर उभा आहे. अशा वेळी “होय महाराज, सगळे स्वच्छ दिसते” असे म्हणणे किती सोपे! उपकारकर्त्याचा मान राहिला असता आणि लोकही खूश झाले असते. पण तो मनुष्य झाडांसारखी माणसे घेऊनच घरी गेला असता. त्याने आपल्या दिसण्याचे खरे माप सांगितले, म्हणून त्याला दुसरा स्पर्श मिळाला आणि मग त्याला सर्व स्पष्ट दिसू लागले.

मार्काने हा प्रसंग कोठे ठेवला आहे तेही पाहण्यासारखे आहे. त्याच्या आधी प्रभूने शिष्यांना डोळे असून दिसत नसल्याबद्दल बोल लावला आहे. त्याच्या लगेच नंतर पेत्र येशूला ख्रिस्त म्हणून ओळखतो. आणि पुढच्याच घटकेस दुःखसहनाचा मार्ग नको म्हणून प्रभूलाच दटावतो. पेत्राला ख्रिस्त दिसला होता, वधस्तंभ दिसला नव्हता. त्यालाही माणसे झाडांसारखीच दिसत होती. फरक एवढाच की बेथसैदाच्या मनुष्याला आपली दृष्टी अर्धी आहे हे ठाऊक होते. पेत्राला ती पूर्ण वाटत होती.

खात्री कोठून येते?

पाहण्याबरोबर येणारी ही खात्री कितपत भरवशाची असते, याचा शोध विद्वानांनीही घेतला आहे. अमेरिकेत चार्ल्स सँडर्स पर्स आणि जोसेफ जॅस्ट्रो या दोघांनी १८८४ मध्ये एक प्रयोग मांडला. बोटावर अगदी थोडा फरक असलेले दाब द्यावयाचे, कोणता दाब जड ते ओळखावयाचे, आणि प्रत्येक उत्तराबरोबर आपल्या खात्रीला शून्य ते तीन असा अंक द्यावयाचा. त्यात असे आढळले की खात्री जितकी जास्त तितके उत्तर बरोबर येण्याचे प्रमाण जास्त. म्हणजे देवाने मनुष्याला दिलेली ही आतली तराजू अगदीच निरुपयोगी नाही. परंतु ज्या उत्तरांना त्यांनी शून्य अंक दिला, म्हणजे “हा केवळ तर्क आहे” असे म्हटले, तीही निव्वळ नशिबाने येतील त्यापेक्षा अधिक वेळा बरोबर निघाली. आपल्याला काहीच कळत नाही असे वाटत असतानाही काही कळत होते. तराजू काम करते, पण तिचा काटा नेमका नाही.

दुसरा प्रयोग १९९८ मध्ये गॅरी वेल्स व एमी ब्रॅडफील्ड यांनी प्रसिद्ध केला. लोकांना एका गुन्हेगाराचे चित्रीकरण दाखविले आणि नंतर काही छायाचित्रांतून तो ओळखण्यास सांगितले. त्या छायाचित्रांत खरा गुन्हेगार नव्हताच. तरी लोकांनी कोणाला तरी निवडले. त्यानंतर काहींना नुसते एवढेच सांगितले की, छान, तुम्ही संशयिताला बरोबर ओळखले. या एका वाक्याने काय झाले? त्या लोकांची खात्री तर वाढलीच. पण निवडतानाही आपली खात्री पक्की होती, आपण चेहरा नीट पाहिला होता, आपले पूर्ण लक्ष होते, असेही ते सांगू लागले. डोळ्यांना नवे काही दिसले नव्हते. दुसऱ्याने मान डोलावली, एवढेच.

हा प्रयोग मी वाचला तेव्हा माझा जीव खाली बसला. कारण तो माझ्यावर आधीच होऊन गेला होता.

माझी साक्ष

गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वीची आहे. मंडळीचे व कोणाचेही नाव मी देत नाही. त्या वेळी मी अर्पणाचा हिशेब ठेवण्यास मदत करीत असे. हंगामाच्या उपासनेनंतर उपकारस्तुतीच्या अर्पणाचे एक पाकीट सापडेना. उपासना संपल्यावर आतल्या खोलीच्या दारातून मी एका मुलाला मेजावर वाकलेला पाहिले होते. पाठमोरा होता, निळा सदरा होता. पाळकसाहेबांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, “अमुकचा मुलगा असावा असे वाटते.” शेजारी बसलेले एक वडीलजन म्हणाले, “मलाही त्याचाच संशय होता.”

दुसऱ्या बैठकीत मी म्हणालो, “होय, तोच होता.” तिसऱ्या बैठकीत मी त्याच्या चेहऱ्यावरचा भाव कसा होता तेही सांगितले. चेहरा मी पाहिलाच नव्हता! पण सांगताना तो मला खरोखर दिसत होता. मी खोटे बोलत आहे अशी शंकासुद्धा मनात आली नाही. नववी आज्ञा मला तोंडपाठ होती आणि ती मी शब्बाथशाळेत शिकवीत होतो.

मुलाला गायनमंडळातून काढले. त्याची आई खानदेशातून आलेली, साड्यांना टिकल्या लावून घर चालविणारी. ती येईनाशी झाली. आठ महिन्यांनी हिशेबतपासणीच्या वेळी ते पाकीट कपाटातील एका जुन्या नोंदवहीच्या पानांत जसेच्या तसे सापडले. ती नोंदवही त्या दिवशी मेजावर होती, आणि ती उचलून कपाटात ठेवणारा मीच होतो.

मी त्यांच्या घरी गेलो. बाईंनी मला बसविले, पाणी दिले. मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही खोटे बोललात असे मी म्हणत नाही. तुम्हाला दिसले नव्हते ते तुम्ही पाहिले.” मुलगा दारात उभा होता, तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी मंडळीसमोर उभे राहून मी सर्व सांगितले. तरी ते कुटुंब आमच्या मंडळीत परत आले नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही.

खोटी साक्ष म्हणजे जाणूनबुजून बोललेले खोटे, असे मी समजत होतो. परंतु लेवीय ५:१७ पाहा. नकळत झालेल्या पापाबद्दलही मनुष्य दोषी ठरतो आणि त्यासाठीही अर्पण आणावे लागते. ज्याची मला पाच आणे खात्री होती त्याला मी सोळा आणे खात्री म्हटले. वजनात केलेली ही लबाडी मला स्वतःलाही दिसली नाही. पण तिची किंमत त्या मुलाने मोजली.

एली याजकाची गोष्ट अशीच आहे (१ शमुवेल १:१२-१७). हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करीत होती. एलीने तिचे ओठ हलताना पाहिले, आवाज ऐकला नाही, आणि ती प्यालेली आहे असे ठरवून तिला बोल लावला. ओठ हलले हे त्याचे पाहणे खरे होते. दारू हे त्याचे अनुमान होते. परंतु एलीचे एक चांगले केले पाहिजे : हन्नाने उत्तर दिल्यावर त्याने आपला हट्ट धरला नाही. जेथे तिला दोष लावला तेथेच तिला आशीर्वाद दिला.

पाण्याची खूण

केवळ दुसऱ्यांविषयीच नव्हे, आपल्या स्वतःच्या कृतीविषयीही आपली खात्री अशीच फसवते. आपल्या तापीने हे आपल्याला शिकविले आहे. १९७२ मध्ये उकाईचे धरण पुरे झाले, आणि आता नदी माणसाच्या हातात आली असे अनेकांना वाटले. १९९८ मध्ये पूर आला. आम्ही रांदेर भागात भाड्याने राहत होतो. पाणी जिन्याच्या ज्या पायरीपर्यंत आले तेथे वडिलांनी लाल रंगाची खूण केली. ऑगस्ट २००६ मध्ये पुन्हा पाणी येणार अशी बातमी आली, तेव्हा आम्ही सर्व सामान त्या खुणेच्या दोन पायऱ्या वर नेऊन ठेवले आणि निश्चिंत झालो. धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सुटले. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. आमची लाल खूण कोठे गेली ते दिसेना.

खूण खरी होती. अनुभवही खरा होता. चूक एवढीच की एका पुराची आठवण आम्ही नदीचे माप म्हणून धरली. आमच्या शेजारच्या आजी मात्र पहिल्याच दिवशी पिठाचा डबा आणि पवित्र शास्त्र घेऊन गच्चीवर गेल्या होत्या. आम्ही हसलो तेव्हा त्या म्हणाल्या, “किती येईल ते मला ठाऊक नाही, म्हणूनच वर जाते.”

या वाक्यात मोठे शहाणपण आहे. खात्री नाही म्हणून हातपाय गाळून बसणे वेगळे, आणि खात्री नाही हे ओळखून पाऊल टाकणे वेगळे. आपण उभे आहो असे ज्याला वाटते त्याने पडू नये म्हणून सांभाळावे, असा इशारा पौलाने करिंथ येथील मंडळीला दिला (१ करिंथ १०:१२). तो भ्याडपणाचा उपदेश नव्हे. गच्चीवर जाण्याचा उपदेश आहे.

खात्री कमी सांगणे हेही खोटेच

येथे कोणी म्हणेल, मग काहीच ठामपणे बोलू नये काय? सदैव “कोण जाणे, प्रभूला ठाऊक” म्हणत राहावे काय? नाही. तराजू दोन्ही बाजूंनी खोटी असू शकते.

योहानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध पाहा. परूशी त्याला दरडावून विचारतात. येशू पापी आहे की नाही हे मला ठाऊक नाही, असे तो सांगतो. पण आपण आंधळे होतो आणि आता आपल्याला दिसते, ही एक गोष्ट मात्र तो कोणाच्याही धाकाने सोडीत नाही. जे ठाऊक नाही ते नाही म्हणून सांगितले, आणि जे ठाऊक आहे त्यासाठी सभास्थानातून बाहेर पडावे लागले तरी पत्करले. उलट परूशी, ज्यांना काहीच दिसले नव्हते, ते सर्व दिसते म्हणून बसले होते. आपल्याला दिसते असे म्हणत राहिल्यामुळेच त्यांचे पाप तसेच राहिले, असे प्रभू त्यांना सांगतो.

आणि रुदा ही दासी (प्रेषितांची कृत्ये १२:१२-१६). दारावर थाप पडली. तिने पेत्राचा आवाज ओळखला. आत मंडळी त्याच्याच सुटकेसाठी प्रार्थना करीत होती, तरी सर्वांनी तिला वेडी ठरविले. ती दासी, वयाने लहान, आणि समोर सर्व वडीलधारे! तरीही ती आपल्या म्हणण्यावरून हलली नाही. आपल्या मंडळ्यांत अशा रुदा पुष्कळ आहेत. कमिटीत एखादी बहीण किंवा तरुण नीट पाहिलेली गोष्ट सांगतो, आणि आम्ही मोठ्या आवाजाच्या खात्रीला मान देऊन त्यांना गप्प बसवितो. आवाजाची उंची हे खात्रीचे माप नव्हे, आणि खात्री हे सत्याचे माप नव्हे.

पेत्राने काय शिकले?

प्रभूला धरून दिले त्या रात्री पेत्राने स्वतःविषयी जी खात्री दिली तिच्यात ढोंग नव्हते. इतर सर्व अडखळले तरी मी अडखळणार नाही, असे तो मनापासून म्हणाला. कोंबडा आरवेपर्यंत ती खात्री टिकली नाही. पुढे तिबिर्या समुद्राच्या काठी प्रभूने त्याला तीनदा प्रीतीविषयी विचारले (योहान २१:१५-१७). आता पेत्र इतरांशी तुलना करीत नाही आणि पुढची वचनेही देत नाही. आपली प्रीती आहे हे तो नाकारीत नाही. पण ती तोलण्याचे काम तो प्रभूच्याच हाती देतो. प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे.

पौलाचेही तेच. माझे मन मला दोष देत नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही. माझा न्याय करणारा प्रभू आहे, असे तो लिहितो (१ करिंथ ४:४). आपल्या विश्वासाचा आधार हाच. आपली दृष्टी नेमकी आहे म्हणून आपले तारण होत नाही. ज्याची दृष्टी नेमकी आहे तो आपला हात धरून चालला आहे, म्हणून आपण निर्भयपणे म्हणू शकतो की, प्रभू, अजून नीट दिसत नाही.

आचरणासाठी चार गोष्टी

१. पाहिलेले आणि अनुमान केलेले वेगळे सांगा. “निळा सदरा पाहिला” हे पाहणे आहे. “तोच होता” हे अनुमान आहे.

२. गंभीर गोष्ट असेल तर पहिल्याच दिवशी ती लिहून ठेवा, आणि किती खात्री आहे तेही लिहा. पुन्हा पुन्हा सांगण्याने खात्री वाढते, माहिती वाढत नाही.

३. दोघा-तिघांच्या साक्षीचा नियम (अनुवाद १९:१५) खऱ्या अर्थाने पाळा. एकमेकांचे ऐकून बोलणारे दोन साक्षीदार हे एकच साक्षीदार होत. हिऱ्याचे तपासनीस स्वतंत्रपणे पाहतात. मनुष्याची अब्रू हिऱ्याहून स्वस्त नाही.

४. चूक कळली तर जेथे बोललो तेथेच ती दुरुस्त करा. चारचौघांत लावलेला दोष एकांतात मागितलेल्या क्षमेने धुतला जात नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. बेथसैदाच्या मनुष्याने “सगळे स्वच्छ दिसते” असे म्हटले असते तर त्याचे काय नुकसान झाले असते? आपण प्रार्थनेत व साक्षीच्या सभेत असे कधी म्हणतो काय?

२. एली आणि परूशी या दोघांचीही पारख चुकली. चूक कळण्याची वेळ आली तेव्हा दोघांच्या वागण्यात कोणता फरक दिसतो?

३. आपल्या मंडळीत कोणाविषयी असा एखादा समज आहे काय, जो सर्वांना पक्का वाटतो, पण प्रत्यक्ष पाहिलेले कोणीच नाही?

४. रुदासारखी कोणाची खरी साक्ष आपण ऐकून घेतली नाही काय?

प्रार्थना

हे प्रभू, तू आम्हाला डोळे दिलेस आणि त्यांच्यावर किती विसंबावे हे ओळखण्याची बुद्धीही दिलीस. जे आम्ही पाहिले ते धैर्याने सांगण्यास आणि जे पाहिले नाही त्याविषयी मौन धरण्यास आम्हाला शिकीव. आमच्या खात्रीमुळे ज्यांना दुःख झाले त्यांच्या दारी जाण्याचे बळ दे. आणि जोवर आम्हाला माणसे झाडांसारखी दिसतात, तोवर आमचा हात सोडू नको. आमेन.